ज्योतीरामचा पांढरा

ज्योतीराम पेंटरला पांढरा रंग जुळला का असं विचारणं म्हणजे त्याच्या अब्रूला हात घालणं. बीडकडून पोटासाठी आलेला हा माणूस. मोशीत हायवेला लागून त्याची शेड, हाताखाली विलास. गाडीचा दरवाजा ठोकला, बंपर घासला, की चाकणपासून वाकडपर्यंतचे लोक त्याच्याकडेच यायचे.

आता तुम्ही म्हणाल, पांढऱ्यात काय जुळवायचं? अहो, खरी गोम तिथंच आहे. कुठल्या पांढऱ्यात पिवळ्याचा अंश, कुठल्यात काळ्याचा. निळा जरा जास्त पडला, तर धुण्याला नीळ जास्त झाल्यासारखा दरवाजा बाकीच्या गाडीपासून फटकून दिसतो. म्हणून ज्योतीराम मूळ रंगाचा नमुना म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून शेजारी ठेवायचा आणि थेंब थेंब टाकत डोळ्यानं रंग जुळवायचा. फवारा विलास मारायचा, पण रंग ज्योतीरामचा. डोळा हीच त्याची इस्टेट.

त्याची सून रुपाली चाकणला एका कंपनीत बंपरचे रंग तपासायची. सुट्टीच्या दिवशी ती सासऱ्याचं जेवण घेऊन शेडवर यायची आणि ज्योतीराम जेवून जरा पाठ टेकून उठेपर्यंत तिथंच असायची. आठवड्याचे पांढरे रंगही तो त्याच दिवशी सकाळी कालवून ठेवायचा. अशाच एका रविवारी तिनं हळूच विषय काढला. मामा, पांढऱ्यात निळा जास्त पडायला लागलाय, एकदा डोळे दाखवून येऊ, एवढंच म्हणाली. पण शेडमध्ये दोन गिऱ्हाईकं उभी होती. ज्योतीरामच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वर्ष झालं, एक गाडी परत आली न्हाई," तो म्हणाला. "आंधळी तू हायस. आजपासून माझ्या रंगाला हात लावायचा न्हाई."

रुपाली बरं म्हणाली आणि निघून गेली. त्यानंतर ती शेडवर फिरकली नाही. चऱ्होलीच्या घरी चहा, भाकरी, गोळ्या सगळं वेळेवर मिळायचं, पण रंगाबद्दल चकार शब्द नाही. ज्योतीरामला वाटलं, चला, पोरीला अक्कल आली.

मग वाकडचे मुकुंदराव गाडी घेऊन परत आले. दरवाजा उन्हात निळसर दिसतो म्हणाले. ज्योतीरामनं त्यांनाच चष्मा बदलायला सांगितलं. आठवडाभरात दुसरा आला, मग तिसरा. तिन्ही गिऱ्हाईकं एकच बोलतात म्हटल्यावर तो हादरला. डोळाच गेला तर ज्योतीराम पेंटर म्हणून उरलं काय? चार दिवस त्यानं कसेबसे काढले आणि एका सकाळी खाली मान घालून सुनेला म्हणाला, दवाखान्यात चल. तिनं रजा टाकली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. ऊन पांढरं दिसलं तरी त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग असतात. तुमच्या डोळ्यातलं भिंग जुन्या प्लॅस्टिकसारखं पिवळं पडलंय; निळा-जांभळा उजेड ते बाहेरच अडवतं. निळा आत पोचतच नाही, तर जास्त झालेला कळणार कसा? आधी उजवा डोळा करू, मग महिन्याभरानं डावा.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. त्यानं डावा डोळा झाकला, भिंत पांढरीशुभ्र. उजवा झाकला, तीच भिंत हळदीचे हात पुसल्यासारखी. लहान पोरागत तो एकेक डोळा झाकून बघत राहिला. इतकं निळं आभाळ आपण कधीपासून बघितलं नव्हतं, या विचारानं त्याला भरून आलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो आधी शेडवर गेला. मुकुंदरावांना फोन करून त्यानं माफी मागितली, गाडी मागवून घेतली. दरवाजा बघून तो स्वतःच शरमला. निळीच्या पाण्यातून काढल्यासारखा दिसत होता. पण शेडपुढच्या अंगणात दुसरी एक गाडी बंपर रंगवायला आली होती. तिचा दरवाजा त्यानं दिवाळीत रंगवलेला. उन्हात उभा राहून त्यानं तो पुढून, बाजूनं, वाकून बघितला. रंग तंतोतंत जुळलेला. दिवाळीतही डोळे पिवळेच होते की! मग हा पांढरा जमला कसा?

त्यानं विलासला विचारलं. विलासनं आधी हातातलं फडकं झटकलं, मग पुन्हा झटकलं. शेवटी म्हणाला, "भाऊ, तुम्ही जेवून आडवं व्हायचा तवा रुपालीताई रंगाचा डबा उन्हात न्यायच्या. झाकणाला लावून बघायच्या आणि पुन्हा जुळवून ठेवायच्या. वर्षभर. तुम्हाला सांगू नको म्हनल्या, भाऊंचं मन मोडंल."

ज्योतीराम स्टुलावर बसला. वर्षभर एक गाडी परत आली नाही, हा एकच पुरावा त्यानं चारचौघांत तिच्या तोंडावर फेकला होता. तो पुरावा तिच्याच हातचा होता. आणि हे ठाऊक असून ती बरं म्हणून निघून गेली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की विलाससमोर मान वर करवेना.

पुढच्या रविवारी तो रुपालीला शेडवर चल म्हणाला. ती चप्पल घालून निघाली. मुकुंदरावांच्या दरवाज्यासाठी त्यानं नवा रंग कालवून ठेवला होता. तिला आंधळी म्हणाला त्या दिवशीचीच दोन गिऱ्हाईकं त्यानं मुद्दाम बोलावली होती, ती खुर्च्यांवर बसलेली.

"वर्षभर ही शेड हिच्या डोळ्यावर चालली," तो त्यांच्यादेखत म्हणाला, "आन् मी हिलाच आंधळी म्हनलो. चुकलो, पोरी."

रुपालीचे डोळे भरले. पदरानं पुसून तिनं डबा आणि झाकण उन्हात नेलं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं बराच वेळ लावला.

"मामा, आता निळा कमी पडतोय," ती शेवटी म्हणाली. "नव्या डोळ्याला निळा जास्तच दिसतोय ना, म्हणून तुम्ही निळ्याला भ्यालात. एक थेंब टाका."

त्याच्या नव्या डोळ्याला तर रंग अगदी बरोबर वाटत होता. ज्योतीरामनं निळ्याची बाटली उचलली आणि एक थेंब टाकला.