लुईचा डावा हात

"तुझो कोण आज?" धोंडूंनी विचारलं.

मालनने कुकरचं झाकण लावलं, वर शिटी ठेवली आणि वळून पाहिलं. वडील उशीला टेकून, डाव्या हाताची मूठ छातीशी धरून तयार होते. उजवा हात चादरीवर होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो जिथे ठेवला तिथेच राहायचा.

"टायसन," ती म्हणाली.

"त्याचे दुधाचे दात अजून पडूक नाय."

"वर्ल्ड चॅम्पियन आहे तो, बाबा."

"आत्ताचो. माझो बारा वर्सां होतो."

घाटकोपरच्या भटवाडीतल्या या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी सामना व्हायचा. जुन्या काळचा अमेरिकन बॉक्सर जो लुई धोंडूंचा, कायमचा. मालनने दुसऱ्या कुठल्याही काळातला हेवीवेट घ्यायचा, अली, फ्रेझर, फोरमन, आणि लुईसमोर उभा करायचा. ठोसे तोंडाने सांगायचे. समोरच्याने ते चुकवायचे, नाहीतर लागले म्हणून कबूल करायचे. कुकरची शिटी म्हणजे राऊंड संपल्याची घंटा. पडलेल्यावर दहा मोजायचे, पण मध्येच शिटी झाली तर तो वाचला. आणि जो जिंकेल त्याची एक मागणी हरलेल्याने निमूट मानायची.

धोंडू तरुणपणी गिरणीच्या जिमखान्यात बॉक्सिंग करत. संपात गिरणी गेली, पाठोपाठ उजवी बाजू गेली. रिंगमधला शब्द मात्र त्यांनी कधी फिरवला नव्हता. एरवी दर वेळी तेच जिंकत आणि काहीतरी लहानसं मागत. एखादी बिडी, उकडलेलं अंडं. एकदा त्यांनी मागितलं होतं, की मालनला बघायला येणारी मंडळी या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात येऊ देत. मंडळी पुढच्या महिन्यात आलीच नाहीत.

आज मालनला जिंकायचं होतं. मरोळची तिची कंपनी नाशिकला हलत होती. टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिलाही नेणार होते, राहायला क्वार्टर होतं. हो की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. भाऊ बाळा दिंडोशीहून येऊन म्हाताऱ्याला आपल्या घरी ठेवून घ्यायला कबूल झाला होता, पण त्यांना तयार तू कर, असंही बजावून गेला होता. तिने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा धोंडूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या कुशीवरून त्यांना परत वळता येत नसे. शेवटी तिनेच उठून त्यांना वळवलं.

पहिल्या राऊंडमध्ये लुई पुढे होता. मालन टायसनला खाली वाकवून, कडेकडेने आत शिरवत होती. तो काय बेडूक आहे का, असं धोंडूंनी विचारलं आणि त्याला दोन डावे लगावले. तिने दोन्ही कबूल केले. शिटी झाली. तिने त्यांना चमच्याने पाणी पाजलं, कपाळ पुसलं. धोंडू खुशीत होते.

लुईची एक खोड मालनला लहानपणापासून माहीत होती. डावा ठोसा मारून परत घेताना त्याचा हात खाली घसरायचा. एका जर्मनाने ते हेरून त्याला लोळवलं होतं. धोंडूंनीच ते तिला सांगितलं होतं, घरातल्या माणसाचं काही बाहेर सांगायचं नसतं तशा आवाजात. मालनने ते सामन्यात कधी वापरलं नव्हतं.

दुसऱ्या राऊंडला धोंडू म्हणाले, "डावो," आणि हात पुढे फेकला. तो माघारी आला, पण छातीपर्यंत पोचला नाही. पोटावरच टेकला.

"डावा खाली आलाय," मालन म्हणाली. "वरून उजवा. हनुवटीवर."

चुकवला, असं ते म्हणू शकत होते. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"लागलो," ते म्हणाले. "पडलंय मी. मोज गो."

"एक," मालन म्हणाली. "दोन. तीन."

"काय मागतलंस?"

"चार. पाच."

पडलेल्याने दहाच्या आत उठायचं असतं. धोंडूंनी डावं कोपर गादीत रोवलं. खांदा वर आला, मान थरथरली, आणि कोपर निसटलं. ते उशीवरून खाली घसरले. बनियन पोटावर गोळा झाला. त्यांनी पुन्हा कोपर रोवलं.

"सहा," मालन म्हणाली. "सात."

तिच्या हाताशी चिमटा होता. कुकर नुसता फुसफुसत होता.

"आठ."

कोपर पुन्हा निसटलं. मालनने चिमट्याने शिटी उचलली. वाफ जोरात सुटली आणि खोलीभर डाळीचा वास पसरला.

"शिटी झाली," ती म्हणाली.

धोंडू धापा टाकत पडून राहिले.

"ही आपसूक नाय झाली."

"गॅस मोठा होता."

मालनने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उशीवर वर ओढलं, बनियन खाली केला, तोंड पुसलं. उजवा हात उचलून चादरीवर सरळ ठेवला. डावा त्यांनी स्वतःच छातीशी घेतला, या खेपेला जरा वर.

"चल. तिसरो राऊंड."

मालन शेगडीपाशी गेली. शिटी पुन्हा नीट बसवली. गेलेली वाफ परत धरायला वेळ लागणार होता आणि तोवर हा राऊंड संपणार नव्हता.