शेजारच्या लहरीवर सांडलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे, लहरींचा आकार पडद्यावर रेखाटणारे यंत्र. समुद्रावरच्या नौकांना हवामान सांगणाऱ्या रेडिओ केंद्रात माझे आयुष्य गेले.

केंद्राची लहर एकसारखी धावायची. निवेदिका बोलू लागली की तिच्या आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त व्हायची. क्षणाक्षणाला बदलणारा तो आकार मी हिरव्या रेषेत दाखवायचो. "याच्यापुढे लबाडी चालत नाही," असे अभियंता काका म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

माझ्या शेजारी दुसरा पडदा होता. तीच लहर त्याच्यावर वेगळी दिसायची. मधोमध एक उंच खांब आणि दोन्ही बाजूंना निवेदिकेच्या आवाजाच्या पट्ट्या. आपली लहर किती जागा व्यापते, शेजारच्या केंद्राच्या लहरीत घुसते का, ते तोच सांगायचा. पण त्याचा पंखा घरघरायचा आणि ती घरघर माइकमध्ये शिरायची. म्हणून बातमीपत्राच्या वेळी काका त्याला बंद करत. मलाही ते बरेच वाटे, खोटे कशाला बोलू!

एका दुपारी बातमीपत्राच्या वेळी वादळ उठले; शेजारचा पडदा बंदच होता. निवेदिकेचा धाकटा भाऊ नौकेवर होता.

"काका, आवाज वाढवा ना! त्याला ऐकू गेलं पाहिजे."

"पोरी, मर्यादेवरच आहोत."

"थोडासाच हो!"

काकांचे मन द्रवले. त्यांनी बटण फिरवले. माझ्या पडद्यावर लहर फुगली आणि दोन फुगवट्यांमधली तिची कंबर शून्याला टेकून तुटू लागली. आवाज फाटल्याची ती खूण होती, पण तो कुठवर सांडतोय ते मला दिसत नव्हते. काकांनी ते पाहिले. "चालतंय," ते पुटपुटले. माझा जीव तीळतीळ तुटत होता, पण मला वाचा कुठली!

सतरा मिनिटांनी बंदरातून फोन आला. "अहो, तुमची खरखर आमच्या लहरीवर सांडतेय! नौका हाका मारतायत, एक अक्षर कळत नाही!"

काकांनी दुसरा पडदा लावला. बाजूच्या पट्ट्या आपली हद्द सोडून दूरवर पसरल्या होत्या. त्यांनी बटण मागे फिरवले. मग बंदराला हाका ऐकू आल्या आणि पाच नौका वाचल्या. सहावी, भावाची, पुन्हा बोललीच नाही.

"आवाज वाढवायला मीच सांगितलं होतं," एवढेच निवेदिका म्हणाली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला सांभाळा, पण माझ्या एकट्यावर विसंबू नका. शेजारच्याची घरघर सोसा. त्या दुपारी भावाने बहिणीचा आवाज नक्की ऐकला असेल. त्याचा मात्र कोणीच ऐकला नाही.