मिरी जरा जास्त

दर शनिवारी सकाळी बाबा मंडळींना लिहीत. मंडळी म्हणजे गोल्फमधले सोबती, स्टेडियममध्ये त्यांच्या रांगेत बसणारे लोक आणि आमच्या चष्म्याच्या दुकानातली ती गिऱ्हाइकं, ज्यांनी भाबडेपणाने आपला फोन नंबर देऊन ठेवला होता. आधी फुटबॉल, मग शहरातलं खाणं, शेवटी गोल्फच्या स्टिक. हा क्रम कधी बदलला नाही. आमचा संघ हरला की फुटबॉलचा परिच्छेद लांबायचा, आणि आमचा संघ बहुतेक वेळा हरायचाच. मग कुठे काय खाल्लं ते यायचं. आणि शेवटी पटर नावाच्या एखाद्या स्टिकच्या नव्या ग्रिपबद्दल ते इतक्या हळुवारपणे लिहीत की हा माणूस प्रेमात पडलाय असं वाटावं. खेळायचे मात्र यथातथाच. त्यांच्याबरोबर खेळणारे एक वकील म्हणत, "ह्याची स्टिक बघावी, फटका बघू नये."

दुकानातही तेच. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम, एक डोळा झाकलेला, आणि बाबा ऑफसाइड समजावून सांगतायत. "तुम्हाला खालची ओळ नाही दिसली तरी चालेल हो, पण पंचाला तरी दिसायला हवं होतं की नाही?" ते गेले तेही असेच. एका बाईंच्या डोळ्यांवर भिंगं चढवून गोलकीपरविषयी काहीतरी सांगत होते आणि सांगता सांगता टेबलावर कलंडले. आई शेजारीच होती, गरम वाळूत चष्म्याची दांडी तापवून वाकवत होती. डॉक्टर येऊन गेले तरी त्या बाई फ्रेम तशीच घालून बसल्या होत्या, असं आई सांगते. ती काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

दोन महिन्यांनी वकिलांचा फोन आला. हे बाबांचे गोल्फमधले सगळ्यात जुने सोबती.

"तू पुस्तकांचंच काम करतेस ना? मग बाबांच्या शनिवारच्या लिखाणाचं एक छोटंसं पुस्तक कर. क्लबच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवू. मी वाचीन थोडं. वहिनींना घेऊन ये."

मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. दुसऱ्याच्या वाक्यात आपला हात फिरलाय हे कोणाला कळू न देणं, एवढंच माझं कौशल्य.

आईला सांगितलं तेव्हा ती सूटकेस भरत होती. मावशी तिला कित्येक वर्षं आपल्याकडे बोलवत होती. मावशीचं घर बैठं आहे, मागे झाडं आहेत, जिने नाहीत. आई कधी आठवडाभरसुद्धा गेली नाही. विषय निघाला की बाबा म्हणायचे, "जा की, पण शनिवारी मी गोल्फवरून आलो की सूप कोण देणार?" सगळे हसायचे. आईही हसायची आणि राहायची. आता मात्र तिचं ठरलं होतं. कार्यक्रम झाला की मावशीकडे जायचं, कायमचं. आणि पॅसेजमधली बाबांची गोल्फची बॅग त्याच दिवशी वकिलांच्या हवाली करायची.

"तिला ठेचकाळून माझ्या पायाचं बोट वाकडं झालं," आई म्हणाली. "घेऊन जा म्हणावं. मी गेल्यावर तुलाही नको ती अडगळ."

मग शालीची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "त्यात माझं काही आहे का गं?"

"तुला नाही पाठवायचे?"

"मला कशाला? म्हणायचे, तू घरातच आहेस, तुला काय लिहायचं."

"वाचतेय मी. बघते."

"नसेल तर नसू दे. स्टेडियममागच्या मासेवालीवर लिहिलेलं वकिलांनी मला वाचून दाखवलं होतं एकदा. तिच्या हाताला चव आहे म्हणे." तिने शाल सूटकेसमध्ये दाबून बसवली. "शर्टाचा तेलकट वास दोन-दोन धुण्यांत जायचा नाही. धुवायचं मी, आणि चव तिच्या हाताला."

मी सगळं वाचलं. मासेवाली होती. क्लबच्या कँटीनमधली भाजलेली कोंबडी होती, बसस्थानकाजवळचा पाव होता, त्या पावाच्या कडेवर एक अख्खा परिच्छेद होता. वाळूतून चेंडू काढायच्या वेजच्या काठावर दोन शनिवार होते. एका ठिकाणी मी थांबले. 'दुकानात दिवसभर मी एकटाच असतो, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो.' आई त्या दुकानात त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसत आली होती. तिच्याबद्दल एक शब्द नव्हता. वाईटही नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मी तो मजकूर लिहिला. फार वेळ लागला नाही. बाबांचं गद्य मला पाठ होतं. त्यांचं कौतुक तक्रारीशिवाय पुरं होत नसे, हेही माहीत होतं. मासा उत्तम, पण लिंबू देताना हात आखडता. पाव फर्मास, पण बाक मोडका. मी लिहिलं:

'मंडळी, काल आपण पुन्हा हरलो. गोलकीपर डावीकडे झेपावला, चेंडू उजवीकडे गेला. दोघांनीही आपापलं काम मनापासून केलं. गावभर खाल्लं, पण शनिवारी दुपारी जिना चढताना पहिल्याच मजल्यावर आमच्या घरच्या वाटाण्याच्या सुपाचा वास येतो आणि पाय आपोआप भरभर पडतात. जिंकलात का, असं हिने कधी विचारलं नाही. आधी बूट काढायला लावते, मग वाटी पुढे ठेवते. मिरी जरा जास्त होती. नेहमीच असते. नवा वेज घेतलाय, त्याबद्दल पुढच्या शनिवारी.'

वकिलांना मी सांगितलं की हे बाबांच्या फोनमध्ये होतं, पाठवायचं राहून गेलेलं. ते गहिवरले. मला वाटलं होतं, आईला तिचं काहीतरी मिळेल आणि ती हलक्या मनाने मावशीकडे जाईल. एवढाच माझा हिशेब.

क्लबच्या हॉलमध्ये भिंतीवर जुने चषक होते आणि टेबलांवर कागदी रुमालांचे त्रिकोण. वकिलांनी गोलकीपर वाचला, लोक हसले. मासेवाली वाचली. आई मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. मग वकील म्हणाले, "हे शेवटचं. हे आपल्याला कोणालाच मिळालं नव्हतं," आणि त्यांनी माझं वाचलं.

'मिरी जरा जास्त होती' ला सगळा हॉल हसला. आईचा हात थांबला. ती हसली नाही, रडलीही नाही. शाळेत अचानक नाव पुकारलं गेलेल्या मुलीसारखी ताठ बसली.

"काय वहिनी," वकील जवळ येऊन म्हणाले, "लपवून ठेवलं होतंन् लेकाने!"

"तोंडावर बोलायची लाज वाटायची त्यांना," आई म्हणाली. "म्हणून पाठवलं नसेल."

वकिलांनी बॅगेचं विचारलं. बॅग आमच्या टॅक्सीच्या डिकीत होती. आई म्हणाली, "राहू दे तूर्त."

परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "मला आधी वाटलं, वकिलांनीच रचलं असेल माझ्यासाठी. पण खोटं लिहिणारा मिरीची तक्रार कशाला करेल? गोडगोडच लिहील ना?"

मी "हं" म्हटलं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत बाबांचं नाव घेताना तिचा आवाज असा मऊ झालेला मी ऐकला नव्हता, आणि तो आवाज मोडायचं माझ्याच्याने झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सूटकेस रिकामी झाली. शाल कपाटात गेली. मावशीचा फोन मला आला.

"काय गं, ताईला झालंय काय? म्हणते, ह्या जिन्यावर ह्यांचे पाय भरभर पडायचे, हे घर सोडून कशी येऊ. अगं, त्याच जिन्यापायी तिचे गुडघे गेले! त्या माणसाने जिवंतपणी अडवलं, आता मेल्यावरही अडवतोय?"

"मी बोलते तिच्याशी," मी म्हणाले. काय बोलणार होते, देव जाणे.

मावशीला कोण सांगणार की ह्या वेळी त्यांनी नाही अडवलं. त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. सगळा जन्म त्यांनी काही केलं नाही, आणि ते न केलेलं मी त्यांच्या नावावर जमा करून दिलं, नीट, शुद्धलेखन तपासून. आईच्या मनात त्यांच्यावर जो राग होता, तो तिने कष्टाने कमावलेला होता. तोच तिला त्या सूटकेसपर्यंत घेऊन गेला होता. तो मी काढून घेतला.

गोल्फची बॅग आता पॅसेजमध्ये नाही. बैठकीत आहे, बाबांच्या खुर्चीशेजारी. आई स्टिक एकेक काढून मऊ फडक्याने पुसते, पूर्वी भिंगं पुसायची तशी गोल गोल. दुकान तिने पुन्हा उघडलंय. गिऱ्हाइकांना ती पुस्तकाचं शेवटचं पान दाखवते. माझ्या प्रकाशकाकडे असतं तर त्या पानावर मी तांबड्या पेनाने काट मारली असती.

शनिवारी मी गेले तर पहिल्याच मजल्यावर वास आला. आईने आधी मला चपला काढायला लावल्या, मग वाटी पुढे ठेवली आणि समोरच उभी राहिली, ओले हात पदराला पुसत.

"मिरी जास्त झालीय का गं?"

मी एक चमचा घेतला. सूप छान होतं. मिरी अगदी बेताची होती. खरं तर नेहमीच बेताची असायची.

ती वाट बघत होती.

"जरा जास्त आहे," मी म्हणाले.

"असणारच," आई म्हणाली, आणि खूश होऊन दुसरी वाटी भरायला वळली.