चौदावं पान

डॉक्टरांनी विचारलं होतं, नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणार का? तिचं वय बत्तीस, स्तनातल्या गाठीचं निदान होऊन बारा दिवस झालेले. सोबत बावीस पानांची माहिती दिली होती. कोण कुठल्या गटात जाणार ते संगणक ठरवणार, आणि तेराव्या पानाच्या शेवटी, 'दुसऱ्या गटाला हे औषध दिले जाणार नाही.' ती ओळ तिनं मावशीला वाचून दाखवली.

"म्हणजे अर्ध्या बायका वाऱ्यावर!" मावशी म्हणाली. "तुझ्या आईला निदान औषध तरी मिळालं."

आई याच आजारानं गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. नाही म्हणायचं ठरलं.

कागद कामावरून परतताना दवाखान्यात द्यायचे म्हणून ती ते आपल्या कामावर, पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात, घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून पुस्तकं शिवणाऱ्या काकूंनी गठ्ठा उचलला आणि सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला.

"चौदावं कुठंय गं?"

"काय?"

"तेरानंतर एकदम पंधरा. लोकांच्या पुस्तकात पान चुकलं तर आकाशपाताळ एक करतेस, आणि स्वतःचे कागद मोजले नाहीस?"

नव्हते मोजले. तिनं तिथूनच दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला.

"अगं बाई, झेरॉक्समध्ये राहिलं वाटतं!" त्या ओशाळल्या. पान मोबाइलवर पाठवलं, वाचूनही दाखवलं. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना पूर्ण. नवं औषध फक्त एका गटाला, या उपचारांच्या जोडीला. केव्हाही बाहेर पडता येईल, उपचार थांबणार नाहीत.

"पुन्हा वाचता का?"

त्यांनी पुन्हा वाचलं. नव्या औषधाचे त्रास सोळाव्या पानावर होते. ते सोसायची तिची तयारी होती. वाऱ्यावर पडायची नव्हती. फोन ठेवून तिनं काकूंच्या डब्यातलं निम्मं जेवण संपवलं, तेव्हा कुठे काकू म्हणाल्या, "माझ्यासाठी ठेव की थोडं."

संध्याकाळी मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि मधेच नको वाटलं तर?"

"सोडायचं."

"असं कोण सोडू देतं?"

"लिहिलंय तसं."

मावशीनं चष्मा लावला. मोबाइलवरचं ते पान ओळीओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाली, "कर सही. उद्या मी येते बरोबर."