गायी मोजल्या त्या दिवशी

मी एक जुनी लाकडी कासंडी आहे. माझ्या तोंडाचा एक टवका उडाला आहे आणि हल्ली माझ्यात घेवड्याचं बी ठेवतात. दुधाच्या भांड्यात बी ठेवणं आमच्या टेकडीवर पूर्वी अगदीच वाईट दिसलं असतं. आता बघायला येतं कोण? मित्रांनो, मी रडगाणं गाणार नाही. मला ते जमतही नाही. जे पाहिलं ते ओळीनं सांगते, झालं.

रुवांडाच्या दक्षिणेकडे, पांगाऱ्यासारखी लाल फुलं येणाऱ्या एका झाडाच्या ओंडक्यातून मला कोरून काढलं. सुतार म्हातारा होता आणि सारखा खोकत होता. खोकत खोकत त्यानं माझं पोट आतून इतकं गुळगुळीत केलं, की दुधाचा थेंब कुठे अडकू नये. न्यिरातुंगा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापानं मला तिच्याबरोबर दिलं. ती रोज मला सुक्या गवताच्या धुरावर धरायची आणि मग माचीवर ठेवायची. ‘हिच्यात दूध नासत नाही,’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. माझं जे काही कौतुक झालं ते तेवढंच. पण मला ते पुरलं.

तिला दोन मुलगे झाले. थोरला सेबुहोरो बोलायला मोठा आणि धाकटा मुगेमा जात्याच गप्प. बापाजवळ ज्वारीचं रान होतं आणि गायीही होत्या. कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर दोघं मुलं कुळाचं नाव सांगत, अबासिंगा. हुतू आणि तुत्सी हे शब्द नव्हते असं नाही. ज्याच्या गायी वाढल्या आणि दरबारात ज्याचं वजन वाढलं तो तुत्सी गणला जाई, कुदळीवर पोट भरणारा हुतू. एखाद्याचं नशीब फळफळलं की दोन पिढ्यांत तो इकडचा तिकडे होई, आणि नशीब फिरलं की परत येई. सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं असंही मी म्हणणार नाही. दरबारी माणसं कुदळवाल्याकडे नाक मुरडूनच बघायची. पण ते कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं.

बाप गेल्यावर बारा गायी सेबुहोरोच्या वाट्याला आल्या आणि तीन मुगेमाच्या. त्या वर्षी पाऊस लांबला. मुगेमाचं घर पाणथळीच्या कडेला, तिथे गवत हिरवं. म्हणून सेबुहोरोनं आपल्या साऱ्या गायी भावाच्या कुंपणात नेऊन सोडल्या. अशा गायी दुसऱ्याकडे राखायला ठेवणं आमच्याकडे नेहमीचं होतं. कुणाच्या कुंपणात कुणाच्या गायी आहेत हे टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबाला. तो बेल्जियमचा, तेव्हा आमच्यावर राज्य त्यांचं. मुगेमाच्या अंगणात टेबल टाकून बसला होता, शेजारी मुखियाचा कारकून. प्रत्येक पुरुषाला एक कागद मिळणार आणि त्यावर तो हुतू, तुत्सी की रानात राहणारा त्वा हे लिहिलं जाणार, असा हुकूम होता. साहेबाकडे चिमट्यासारखं एक हत्यार होतं. त्या चिमट्यानं त्यानं दोघा भावांची नाकं मोजली. एकाच आईची नाकं ती, केसाएवढा फरक निघाला. साहेब वैतागला आणि म्हणाला, गायी मोजा.

इथे जे घडलं ते आमच्याच लोकांच्या हातून घडू शकतं. परक्या पाहुण्यासमोर आपली दौलत सांगणं आमच्याकडे असभ्य समजतात. शंभर गायींचा धनीसुद्धा म्हणेल, कसल्या गायी नि कसलं काय. कारकुनानं विचारलं तेव्हा सेबुहोरोनं रीतीप्रमाणे मान खाली घातली.

“माझ्याकडे कुठल्या गायी, बाबा. कुदळ आहे, तीही बोथट.”

सगळे गालात हसले. ही रीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कारकुनालाही माहीत होतं, पण त्याला टेकडीवरची अजून चाळीस माणसं उरकायची होती. त्यानं कुंपणातल्या गायी मोजल्या. पंधरा भरल्या. मुगेमाकडे वळून त्यानं विचारलं, या तुझ्या?

मुगेमा बोलला नाही. गायी भावाच्या आहेत म्हणावं, तर थोरला भाऊ साहेबासमोर खोटा ठरतो. धाकट्यानं थोरल्याला खोटं पाडायचं नसतं. न्यिरातुंगा मला हातात घेऊन उभी होती, पाहुण्यांना दूध द्यायला. तिच्या बोटांची पकड घट्ट झालेली मला कळली. पण आई तरी काय बोलणार? ती बोलली असती तर थोरला साहेबासमोर आईच्याच तोंडून खोटा ठरला असता. साहेब दूध प्यायला आणि मिशी पुसून सही करून मोकळा झाला. थोरला हुतू, धाकटा तुत्सी.

त्या संध्याकाळी चुलीपुढे हसून हसून दोघांची मुरकुंडी वळली. सेबुहोरो म्हणे, “काय हो तुत्सीराव, जरा सरका, आम्हा गरिबांना बसू द्या.” मुगेमा त्याला केळ्याच्या दारूच्या मडक्यातली नळी आधी पुढे करी आणि म्हणे, “घे रे हुतू, नाहीतर कुदळ धरायला जोर कुठून येईल तुला.” न्यिरातुंगा मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन कागद बदलून आणा म्हणाली. ते गेलेही. कारकून म्हणाला, शाई वाळली.

कागद तसाच राहिला, आणि मग कागदाप्रमाणे बाकीचं होऊ लागलं. रस्ता खोदायची सक्ती आली, ती हुतूंवर. सेबुहोरो आठवड्यातले दोन दिवस फुकट माती उपसायला जाऊ लागला. मुगेमाचा मुलगा मुखियाच्या शिफारशीनं शाळेत गेला, सेबुहोरोच्या मुलाला जागा नाही म्हणाले. तरी दर आठवड्याला मुगेमाच्या घरून दूध भरून मी सेबुहोरोकडे जात होते आणि रिकामी होऊन परत येत होते. थट्टाही चालू होती, पण आता ती ऐकून दोघांपैकी एकच हसायचा.

पुढे मुगेमाला रस्त्यावरचा मुकादम केलं. नको म्हणायची सोय नव्हती, नाही म्हणणाऱ्याला आधी फटके बसत. एका सकाळी सेबुहोरो उशिरा पोचला, त्याची बायको बाळंत होत होती म्हणून. नियम होता आठ फटक्यांचा. मारणारा दुसरा होता. मुगेमा बाजूला उभा राहून पायाखालची माती बघत होता. हे मी पाहिलं नाही. दूध घेऊन त्या दिवशी मी त्याच्याकडे आले होते, सेबुहोरोनं घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ऐकलं. तो म्हणाला, “मारलं त्याचं काही नाही. मोजत होता तो, मुगेमा. आठ झाले की नाही ते.”

त्यानंतर दूध आलं नाही. गायी मुगेमाकडेच राहिल्या, कारण कागदावर त्या त्याच्याच होत्या. न्यिरातुंगा मेली तेव्हा दोघं तिच्या दोन बाजूंना बसले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. आईची वस्तू म्हणून मी थोरल्याकडे आले. माचीवर कोरडीच बसले. माझ्या पोटात कोळ्यानं जाळं केलं.

एकोणीसशे एकोणसाठ साल उजाडलं. टेकड्याटेकड्यांवरून धूर दिसू लागला. तुत्सींची घरं जाळत लोक येत होते. तीन तरुण सेबुहोरोच्या अंगणात आले आणि पाणथळीकडच्या घराबद्दल त्याला विचारून गेले. तुझ्या पाठीवर अजून वळ आहेत ना, म्हणाले. दुपारी येतो.

ते गेल्यावर सेबुहोरोनं मला काखेत मारलं. वाटेत कुणी हटकलं तर म्हणायला, की आईच्या वस्तूंच्या वाटणीचं भांडण मिटवायला चाललोय. पंधरा वर्षांनी तो भावाच्या दारात उभा राहिला.

“पोरं, बायको घे आणि नदीकडे निघ. गायी सोड. दुपारी मी तुझं घर पेटवणार आहे.”

मुगेमानं विचारलं, “तू?”

“दुसऱ्या कुणी पेटवलं तर ते आधी दाराला कडी घालतील. मी पहिला टेंभा लावला तर आत कोण आहे ते बघायला कुणी जाणार नाही.”

मुगेमानं आत जाऊन बायकोला उठवलं. बाहेर येऊन म्हणाला, “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. गायींच्या वेळी.”

“मी तरी कुठे खरं बोललो होतो,” सेबुहोरो म्हणाला. “चल, पाय उचल.”

मुगेमा सीमेच्या नदीकडे गेला. पलीकडे पोचला का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दुपारी सेबुहोरोनं रिकाम्या घराचं छप्पर पेटवलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याचे मुलगे गर्दीत उभे होते. बापाच्या हातातला टेंभा त्यांनी पाहिला, सकाळचं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं. सेबुहोरोनं ते सांगितलं नाही. आधी भीतीनं, कारण पळून जायला मदत करणाऱ्यालाही जाळत होते. मग तो हुतूंच्या नव्या पक्षाच्या लोकांनी गौरवलेला माणूस झाला. मग फार वर्षं गेली.

चौदा वर्षांनी त्याची नात बेआता शाळेतून आली. गुरुजींनी वर्गात तुत्सी मुलांना उभं केलं होतं. तिची मैत्रीण व्हेनेरांदा उभी राहिली. त्या दोघी रोज हातात हात घालून शाळेत जायच्या. बेआताला कळत नव्हतं, आता काय करायचं. म्हणून ती आजोबांकडे आली, कारण तसल्या लोकांचं पहिलं घर पेटवणारे आजोबा तेच, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं.

“आजोबा, ते लोक आपल्याहून वेगळे असतात का? आपल्यात कधी कुणी होतं तसलं?”

सेबुहोरो सत्तरीचा झाला होता. तो माचीकडे बघत बसला. दाराशी त्याचा मोठा मुलगा उभा होता, पक्षाचा बिल्ला लावून. सेबुहोरोचे ओठ हलले. नाव येतंय असं मला वाटलं, भावाचं.

“नाही,” तो म्हणाला. “कुणी नव्हतं.”

दुसऱ्या दिवसापासून व्हेनेरांदा एकटी शाळेत जाऊ लागली. आणि आणखी वीसएक वर्षांनी, एकोणीसशे चौऱ्याण्णव साली, या टेकडीवर जे झालं ते मी सांगणार नाही. तेव्हा घरं रिकामी करून कुणी जाळली नाहीत.

मित्रांनो, मला कुणी जपलं नाही याचं मला काही वाटत नाही. लाकूड आहे, किडेल. बी ठेवा, राख ठेवा. पण तुमच्या घरात एखादं मूल विचारायला आलं आणि उत्तर तुम्हाला ठाऊक असलं, तर ते त्याला द्या, दाराशी कुणीही उभं असो. त्या दिवशी त्या खोलीत खरं काय ते पुरतं फक्त दोघांना माहीत होतं. त्यातली एक मी, आणि मला बोलता येत नव्हतं.