पक्षीप्रेमाचा भोंगा

झाशीच्या रेल्वे कॉलनीत गाडी आली की माणसं वाक्य तोंडातच धरून ठेवतात आणि गाडी गेली की तिथूनच पुढे बोलतात. लग्न होऊन आलेल्या बकुळताईंनाही ही सवय जडली. अंगणातल्या कडुनिंबावरचा दयाळ पक्षीही तसाच. मालगाडी खडखडत गेली रे गेली, की तो गळा मोकळा करायचा. यंदा फाल्गुनात त्या गाण्यावर एक करडी मादी भाळली आणि भिंतीच्या भोकात काड्या नेऊ लागली. बकुळताईंनी त्या बाजूला कपडे वाळत घालणंच सोडलं. पोरं नोकरीला लांब गेल्यापासून या घरात पुन्हा कुणाचा तरी संसार मांडला जात होता.

आणि नेमकं आत्ताच त्यांच्या नवऱ्याला, मराठी मंडळाच्या सचिवांना, पक्षीप्रेमाचं भरतं आलं! मधुसूदनरावांनी अंगणात 'पक्षी वाचवा' कार्यक्रम ठेवला. पक्षी वाचवायचे, म्हणून माणिक चौकातून दोन भोंगे आणवले! एक तर कडुनिंबालाच बांधला. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

"अहो, ती मादी बुजेल, तो भोंगा…" बकुळताई म्हणाल्या, आणि मालगाडी आली. त्या थांबल्या. गाडी गेली तेव्हा सचिव माईकपाशी पोचलेसुद्धा होते.

भाषण झालं आणि भोंग्यातून दयाळाचं रेकॉर्ड केलेलं गाणं सुटलं. खरा दयाळ चवताळला. आपल्या घरात हा दुसरा नर कोण? तो जीव तोडून गायला, पण त्या कोलाहलात मेलं त्याचं त्यालाही ऐकू येत नसेल. शेवटी भोंग्यालाच चोची मारू लागला.

"वाह साहब, जवाब दे रहा है!" पाहुणे टाळ्या पिटू लागले. बकुळताईंना त्या टाळ्यांची किळस आली.

"बंद करा ते!" त्या ओरडल्या. मधुसूदनरावांनी हसून, ऐकू येत नाही अशा खुणेनं, कानामागे हात धरला आणि आवाज आणखी वाढवला. करडी मादी चोचीतली काडी टाकून लक्ष्मी ताल तलावाच्या दिशेनं उडून गेली.

दुसऱ्या सकाळी दयाळ एकटाच बसला होता, मुका.

"आज गात नाही का गं तो?" चहा फुंकत मधुसूदनरावांनी विचारलं. "काल तर काय रंगात आला होता!"

"कुणासाठी गाईल? काल तुम्ही त्याची बायको…"

मालगाडी आली. मधुसूदनराव सवयीनं थांबले. शेवटचा डबा गेला, तरी बकुळताई गप्पच.

"हं, पुढे?"

"भोंग्याला विचारा," त्या म्हणाल्या, आणि ओल्या कपड्यांची बादली उचलून भिंतीच्या भोकापाशीच वाळत घालायला गेल्या.