निवेसच्या स्कूटरचे दिवे

एल्वियो क्रेनवरून निवृत्त झाला आणि चारच महिन्यांत त्याच्या बायकोला, निवेसला, अपघात झाला. जेनोवाच्या बंदरात पस्तीस वर्षं तो उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून कंटेनर उचलत होता. अशा माणसाला एकदम घरी बसवलं की काय होतं, ते आमच्या ओरेजिना वस्तीच्या चढावावरच्या प्रत्येकाने बघितलं. पहिल्या महिन्यात त्याने जिन्याचा कठडा दोनदा रंगवला. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांच्या पत्रपेट्यांच्या बिजागऱ्यांना न विचारता तेल घातलं. तिसऱ्या महिन्यात निवेस माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "मिरेला, तुझ्याकडे याला काही काम असेल तर सांग. नाहीतर हा मला खोलून परत जोडेल." मी हसले. माझं दुकान म्हणजे दोन स्कूटर मावतील एवढी जागा. वडिलांच्या मागे वायरिंगची आणि दिव्यांची कामं मी एकटीच करते.

फेब्रुवारीत एका सकाळी, पावणेसातच्या सुमाराला, निवेस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला निघाली होती. उजाडायचं होतं. वरच्या वळणावर लाँड्रीच्या व्हॅनशी तिची धडक झाली. खांद्याचं हाड मोडलं, घोटा मोडला. व्हॅन चालवणारा विल्मर इक्वेडोरहून वीस वर्षांपूर्वी आलेला. हॉटेलांच्या चादरी पोचवायचा. अँब्युलन्स येईपर्यंत तो रस्त्यावर गुडघे टेकून निवेसशेजारी बसून होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होता, "मला दिसलीच नाही ती." पोलिसांनी तेच लिहून घेतलं. निवेसला विचारलं तर ती म्हणाली, काही आठवत नाही. मग प्रश्न मिटला. विल्मरचं लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं, आणि लायसन्स नसलेला ड्रायव्हर लाँड्रीला काय कामाचा. त्यांनी त्याला आत इस्त्रीच्या यंत्रावर लावलं.

तो एकदा संत्री घेऊन हॉस्पिटलात गेला होता. एल्वियोने त्याला दारातूनच परत पाठवलं.

एल्वियोच्या डोक्यात मात्र ते वाक्य जाऊन बसलं. दिसलीच नाही. मे महिन्यात तो पत्रा सरळ करून आणलेली स्कूटर ढकलत माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, हिला असं कर की आंधळ्यालाही दिसली पाहिजे. मी पुढच्या गार्डवर दोन पिवळे फॉग लॅम्प बसवले, त्यांना वेगळा स्विच दिला, जादा वीज झेलायला रिले टाकला. काम चांगलं झालं. तो खूश होऊन गेला आणि पुढच्या मंगळवारी परत आला. मागून काय? मागून येणाऱ्याचं काय? मग मागच्या पेटीवर एक जादा ब्रेकलाईट लागला. त्यानंतर पेटीच्या कडांना चमकणारी पट्टी. मग इंडिकेटर मोठे. मग आरशांच्या देठांवर दोन छोटे दिवे. फूटबोर्डच्या खाली पांढरी एलईडी पट्टी, म्हणजे बाजूने येणाऱ्यालाही कळावं. हॉर्न मोठा. क्रोमचा आडवा दांडा, आणि त्याच्यावर अजून दोन दिवे.

स्वतः बसवायला त्याला यायचं नाही असं नाही, पण त्याला कोणीतरी बरोबर हवं असायचं. मी काम करत असताना तो बसायचा नाही. दुकानाच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा, माझ्या खांद्यावरून वाकून बघायचा, परत जायचा. कधी मला स्कूटर घेऊन वरच्या वळणापर्यंत पाठवायचा आणि स्वतः खाली रस्त्यात उभा राहायचा. मी उतरताना मला किती आधी पाहिलं ते घड्याळात मोजायचा. "चार सेकंद," तो म्हणायचा. "चार पुरत नाहीत, मिरेला." पाच झाले तेव्हा पाचही पुरले नाहीत.

लोक बोलायला लागले. कोपऱ्यावरच्या बारमध्ये फोकाच्चा पाव कापणारा नाझारेनो त्याला म्हणाला की एल्वियो, ती स्कूटर एकदा धक्क्यावर नेऊन ठेव, जहाजं आपली आपण आत येतील. एल्वियो हसला नाही. त्याने नाझारेनोला विचारलं, तुझ्या दारातून ती तुला कुठपासून दिसते?

आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती बसने कामाला जात होती. घोटा भरून आला होता, डॉक्टरांनी परवानगी दिली होती, तरी ती स्कूटरला हात लावत नव्हती. एल्वियोला वाटायचं ती घाबरली आहे. मलाही तसंच वाटायचं. म्हणून तो पुढचा दिवा घेऊन यायचा.

जूनअखेर मी त्याला थांबवलं. मी सांगितलं, या इंजिनची मॅग्नेट कॉइल किती वीज देते त्याला काही हद्द आहे. आणखी दिवे लावलेस तर बॅटरी चार्जच होणार नाही, वायरी तापतील. शिवाय गाडीच्या सरकारी तपासणीच्या वेळी यातले निम्मे काढावेच लागतील. त्याने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि घरी जाऊन पार्सलने मागवलेले आणखी दोन दिवे स्वतः लावले. फ्यूज उडायला लागला तर जाड फ्यूज घातला.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी त्याने निवेसला कसंबसं तयार केलं. फक्त खाली चौकापर्यंत जाऊन ये म्हणाला, मी मागून चालत येतो. ती बसली. अर्ध्या उतारावर सगळे दिवे एकदम विझले आणि हँडलखालून धूर यायला लागला. निवेसने स्कूटर भिंतीला लावली, उतरली, आणि भिंतीवर बसून राहिली. हे मला नाझारेनोने सांगितलं. एल्वियो धावत पोचला तेव्हा ती रडत होती आणि तो तिला सांगत होता की काही नाही, वायर जळली, मिरेला करून देईल.

सोमवारी स्कूटर माझ्याकडे आली. दुपारी तीनच्या सुमाराला निवेस एकटी आली. जळलेल्या वायरींचा वास अजून दुकानात होता. मी पुढचा पत्रा काढून आत बघत होते.

ती म्हणाली, "सगळं काढून टाक."

मी म्हटलं, काढते, निम्मे काढायचेच होते.

"निम्मे नाही. सगळे." आणि मग, मी वर बघायच्या आत, "विल्मरची चूक नव्हती."

मी हातातला पाना खाली ठेवला. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. त्या सकाळी ती आपल्या बाजूने येत होती, दिवा चालू होता, रस्ता मोकळा होता. हँडलवर मोबाईल लावायची क्लिप होती, एल्वियोने हौसेने बसवलेली. वळणाच्या जरा अलीकडे फोन वाजला. स्क्रीनवर एल्वियोचं नाव. एवढ्या सकाळी का करतोय म्हणून तिने खाली बघितलं. मान वर केली तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध होती आणि समोर व्हॅन होती. विल्मर आपल्या बाजूलाच होता. शेवटच्या क्षणी त्याने उलट गाडी भिंतीला घासली, तिला वाचवायला.

"त्याला मी कशी दिसणार," ती म्हणाली. "मी जिथे असायला नको तिथे होते."

मी विचारलं, तुला हे पहिल्यापासून आठवतंय?

"हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी आठवलं. तोपर्यंत पोलिसांचं लिहून झालं होतं. एल्वियो पलंगाशी बसून म्हणत होता की मी त्या माणसाला सोडणार नाही. मी त्याला काय सांगू? की तू फोन केलास म्हणून? तो मेला असता. मग एक आठवडा गेला, मग एक महिना. मग तो दिवे लावायला लागला. प्रत्येक दिव्यागणिक सांगणं आणखी अवघड झालं."

मला तिचा राग आला, हे मी लपवत नाही. लाँड्रीच्या मागच्या दारातून विल्मरला घामाने निथळत बाहेर येताना मी पाहिलं होतं, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते. आमच्या चढावावरच्या सगळ्यांनी तेच केलं होतं. 'दिसली नाही' असं तो म्हणाला होता, एवढं आम्हाला पुरलं. तो कुठला आहे हेही काहींना पुरलं. आणि दोन महिने मी या स्कूटरवर दिवे चढवत होते, पण निवेसला एकदाही विचारलं नव्हतं की तुला हवेत का.

मी एवढंच म्हटलं की हे मला सांगून काय उपयोग.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तोंडातून काढायची सवय करतेय."

एल्वियो साडेतीनला आला, रोज यायचा तसा. हातात एक नवीन पुडकं होतं. निवेसला तिथे बघून त्याला आनंद झाला. त्याला वाटलं, तिला स्कूटरची काळजी वाटायला लागली. मी बाहेर जायला निघाले तर निवेसने माझा दंड धरला. मग मी तिथेच राहिले.

तिने त्याला मघाचंच सगळं सांगितलं, त्याच क्रमाने, फक्त आवाज बारीक. तिचं सांगून झालं तरी तो जळलेल्या वायरींकडे बघत होता.

मग म्हणाला, "मी डबा उघडायचं ओपनर कुठे आहे ते विचारायला फोन केला होता."

"मला नंतर तू सांगितलंस."

"टूनाचा डबा. सकाळी पावणेसातला."

"एल्वियो."

"भूकपण नव्हती मला." त्याने पुडकं माझ्या टेबलावर ठेवलं, परत उचललं. "तू पाच महिने बोलली का नाहीस?"

"तू इतक्या कामात होतास," निवेस म्हणाली.

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती, पण तो एकदम खाली बसला. स्टुलावर नाही, स्कूटरच्या शेजारी जमिनीवर. त्या सगळ्या महिन्यांत माझ्या दुकानात तो बसला तो पहिल्यांदा. मग त्याने मला स्क्रू ड्रायव्हर मागितला. आरशाचे दिवे त्याने काढले, मी क्रोमचा दांडा काढला. निवेस स्क्रू एका बशीत गोळा करत होती. अर्धे जमिनीवर पडत होते.

दुसऱ्या दिवशी ते दोघं महापालिकेच्या पोलिसांकडे गेले आणि निवेसने जबाब बदलून दिला. तिथल्या बाईने तिला तीन वेळा विचारलं की कोणी दबाव आणलाय का. 'आठवत नाही' म्हणाली तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. निवेसवर पुढे कारवाई झाली, ती तिने मान खाली घालून भोगली. तिचं लायसन्स काही महिने गेलं.

विल्मरकडे जाताना त्यांनी मला बरोबर नेलं. त्याची बायको, यादिरा, माझ्याकडे तिच्या मुलीची स्कूटर दुरुस्तीला आणायची, तेवढीच ओळख. विल्मर चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. निवेस प्रत्येक मजल्यावर घोट्यासाठी थांबत होती आणि एल्वियो एक मजला पुढे जाऊन परत खाली येत होता.

विल्मरने दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि बाजूला झाला. निवेसने दारातच सांगितलं. तो ऐकत होता. तो चिडेल, हाकलून देईल, अशी माझी तयारी होती. एल्वियो तर बहुतेक त्याच आशेवर आला होता.

विल्मर म्हणाला, "मी डोळे तपासून घेतले. दोनदा. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. मग मला वाटलं डोक्यातच काहीतरी बिघडलंय. रस्त्यावरची बाई मला दिसत नाही, तर अजून काय काय दिसत नसेल. लायसन्स परत मिळालं तरी मुलीला मागे बसवून कुठे न्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं."

मग त्याने स्वयंपाकघराकडे बघून बायकोला हाक मारली. यादिरा हात पुसत आली.

"आता परत सांगा," तो निवेसला म्हणाला. "हिच्यासमोर. सावकाश सांगा."

निवेसने परत सांगितलं. यादिरा शेवटपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत होती. मग ती नवऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. एल्वियो भिंतीशी उभा होता. त्याने बोलायला तोंड उघडलं तेव्हा विल्मर चेहऱ्यावरचे हात न काढता म्हणाला, "तुम्ही नको. तुम्ही आज काही बोलू नका." कोणी बसा म्हटलं नाही, कॉफी विचारली नाही. आम्ही उतरलो.

सप्टेंबरात विल्मर परत व्हॅनवर आला. लाँड्रीने नाही घेतलं, दुसऱ्या एका फुलांच्या व्यापाऱ्याने घेतलं. निवेस दिसली की तो काच खाली करतो, दोन शब्द बोलतो. माझ्याशीही बोलतो. एल्वियोला अजून नमस्कार करत नाही, आणि एल्वियो रोज सकाळी त्याच वेळेला कोपऱ्यावर उभा असतो, करील म्हणून.